पुण्याहून गाडीने एका दिवसाची सहल : एकच ठिकाण की जमतील तितकी?

घाटवाटा :
पावसाळा सुरू झाला, की घरोघरच्या आणि कचेऱ्यांमधल्या व्हॉट्सॲप गटांवर रविवारच्या सहलीचे बेत फिरू लागतात. त्यातला एक बेत थोड्याफार फरकाने दरवर्षी माझ्यापर्यंत येतो : सकाळी वाई, मग मेणवली, पाचगणीला जेवण, महाबळेश्वरचे दोन पॉइंट आणि येताना जमल्यास कास. नकाशावर पुणे ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे १२० किलोमीटर भरते, त्यामुळे आखणाऱ्याला यात काहीच वावगे दिसत नाही. माझे मत असे, की एका दिवसाची सहल परतीच्या वेळेपासून मागे मोजत आखावी, एका बाजूचे अंतर १०० किलोमीटरच्या आत ठेवावे आणि ठिकाण एकच निवडावे.

वाईचेच घ्या. पहाटे साडेपाचला निघाले, तर खेड शिवापूरचा टोलनाका गर्दीआधी ओलांडता येतो आणि सुरूर फाट्याला वळून आठच्या सुमारास गावात पोहोचता येते. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत कृष्णेच्या पुराचे पाणी कापले जावे म्हणून माशासारखी निमुळती बांधलेली आहे. ती पाहायची तर दर्शनानंतर देवळाला वळसा घालून घाटावर जावे लागते, आणि ‘दहा मिनिटांत आटपा’ म्हणणाऱ्यांपैकी सहसा तिथवर कोणी फिरकत नाही. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागचा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली म्हणून सांगितली जाणारी पोर्तुगीज घंटा, एवढे निवांत पाहीपर्यंत दुपार होते. जेवून तीनला परतीला लागले, तर उजेडात घरी येता येते. पाचगणीचा मोह धरला, की रविवारी पसरणी घाटातच दिवस खर्ची पडतो. कासला तर फुलांच्या हंगामात आगाऊ नोंदणी लागते, त्यामुळे जाता जाता डोकावण्याची ती जागाच नव्हे.

सासवडची_लेक :
असहमत. आपण घाटमाथ्याचा नियम साऱ्या जिल्ह्याला लावत आहात. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे आणि ज्यांना दर महिन्याला बाहेर पडता येते, त्यांना एका ठिकाणी दिवस घालवणे परवडते. भाड्याची गाडी ठरवून सासूसासरे, मुले आणि एखादी आत्या अशी मोट बांधून निघणाऱ्या कुटुंबात प्रत्येकाची आवड निराळी असते, आणि सगळ्यांना पुरे पडेल असे एकच ठिकाण सापडणे कठीण असते.

पूर्वेकडे वळून पाहा. पुण्याहून सासवड ३० किलोमीटरच्या आसपास, तिथून जेजुरी साधारण २० आणि जेजुरीहून मोरगाव त्याहूनही थोडे कमी. सासवडला संगमेश्वर आणि चांगावटेश्वर, जेजुरीचा गड, मोरगावचा मयुरेश्वर आणि परतताना भुलेश्वर, असा फेरा धरला तर एका टप्प्यात फार वेळ गाडीत बसावे लागत नाही. भुलेश्वराचे देऊळ बाहेरून घुमट आणि मिनारांमुळे देवळासारखे वाटतच नाही. आत अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात मात्र यादवकाळातील शिल्पे दाटीवाटीने उभी आहेत, आणि त्यांत स्त्रीरूपातील गणेशही आहे. शिवाय तिथून यवतला उतरून सोलापूर महामार्गाने परतता येते, म्हणजे दिवे घाट दोनदा ओलांडावा लागत नाही. एकामागोमाग एक ठिकाणे एकाच वाटेवर येत असतील, तर ती गाळून एकाच जागी दिवस काढण्यात मला शहाणपण दिसत नाही.

इंद्रायणीकाठ :
आपण दोघेही जाणाऱ्यांच्या सोयीचेच बोलत आहात. मी मावळात राहतो, तेव्हा येणाऱ्यांचा रविवार आमच्या दारातून कसा दिसतो ते सांगतो. जुलैत गावच्या एकपदरी रस्त्यावर दुतर्फा गाड्या लावून लोक धबधब्याखाली जातात; दुधाची गाडी, रुग्णवाहिका, तिन्हीसांजेला शेतातून परतणारी बैलगाडी, सगळे त्या रांगेत अडकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. हे दोन्ही दिवस रविवारच होते. ठिकाणे किती घ्यावीत हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. कोणत्या वारी निघावे आणि गाडी न्यावीच का, हे आधी ठरवावे.

कार्ले आणि भाजे पाहण्यासाठी गाडी लागतच नाही. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरले, की भाज्याची लेणी पायी गाठता येतात, आणि विरुद्ध बाजूला महामार्ग ओलांडून कार्ल्याकडे जाता येते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत. दुपारी लोकल विरळ असतात, तेवढे वेळापत्रक मात्र पाहून निघावे.

रात्रपाळी :
लोकलची सूचना तत्त्वतः पटते. परंतु गुडघे दुखणाऱ्या आईला मळवलीच्या फलाटावरून भाज्याच्या पायऱ्यांपर्यंत चालवत कसे न्यावे, हे त्या प्रतिसादात आलेले नाही.

माझा आक्षेप धागाकर्त्यांच्या पहाटे साडेपाचवर आहे. अशा बेतात गाडी चालवणाऱ्याचा विचार कोणी करत नाही. साडेपाचला निघायचे म्हणजे त्याने चारला उठायचे, आणि आदल्या रात्री कामावरून उशिरा आलेला माणूस जेमतेम चार तास झोपून चाकामागे बसतो. दुपारी पिठले-भाकरी आणि ताक पोटात गेल्यावर मागच्या सीटवरचे सगळे डुलक्या घेतात, आणि ज्याने डुलकी घेता कामा नये त्याच्याही पापण्या जड होतात. आपण ज्या तीनच्या परतीची तरफदारी करता, ती झोपेच्या दृष्टीने दिवसातली सर्वांत वाईट वेळ आहे. त्यात साताऱ्याकडून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा लांबलचक उतार लागतो, जिथे इंधन वाचवण्यासाठी गिअर काढून सोडलेले आणि ब्रेक निकामी झालेले ट्रक मागून येऊन आदळल्याचे अपघात वारंवार घडले आहेत.

म्हणून पुरती झोप घेऊन सात-साडेसातला निघावे आणि सगळे पुणे ज्या दिशेला निघाले असेल तिच्या उलट दिशेला जावे. हिवाळ्यात भिगवण आहे. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात आणि गावातले नावाडी होडीतून ते दाखवतात. वर्षभर जुन्नर आहे. गाडी चालवू शकणारी दोन माणसे बरोबर नसतील, तर मी १०० किलोमीटरची मर्यादाही ६० वर आणीन.

घाटवाटा :
दोन चालक असावेत, हे मान्य. उशिरा निघण्याचे मात्र पटत नाही. भिगवणला साडेसातला निघून पोहोचाल तोवर ऊन वर आलेले असते, आणि पाखरे पाहण्याची उत्तम वेळ सकाळची, हे तिथला कोणताही नावाडी सांगेल. झोप कमी पडते, तर आदल्या रात्री लवकर निजावे; त्यासाठी सकाळ का गमवावी?

सासवडच्या फेऱ्याबद्दल एक विचारतो. तुमच्या यादीत जेजुरी आहे आणि बहुतेकांना सुट्टी रविवारी असते. रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशी गडाच्या पायऱ्या चढून, दर्शनाची रांग लावून खाली यायलाच दुपार होईल. मग मोरगाव आणि भुलेश्वर दिवेलागणीपूर्वी कसे आटोपणार? तुमचाच फेरा रविवारी एका ठिकाणावर येऊन थांबतो, असे मला वाटते.

सासवडची_लेक :
रविवारी जेजुरीला गर्दी असते हे मला ठाऊक नसेल कसे? आमच्या घरचे कुलदैवतच ते. पण भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्या, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर, दिवट्या घेतलेले वाघ्ये-मुरळी हे पाहायचे असेल, तर रविवारीच गेले पाहिजे. ज्यांना रांग नको त्यांनी गाभारा सोडून कळसाचे दर्शन घ्यावे आणि पुढे निघावे. आमच्याकडची म्हातारी माणसेही तसेच करतात. त्या हिशेबाने भुलेश्वर पाचच्या आत होते. ज्याला शांतता हवी त्याने गुरुवारी रजा काढून यावे.

इंद्रायणीकाठ :
ही गर्दी आणि आमची गर्दी एक नव्हे. जेजुरीला धर्मशाळा आहेत, वाहनतळ आहेत, यात्रेच्या दिवशी बंदोबस्त असतो आणि त्या गर्दीवर गावाचे पोट चालते. आमच्या ओढ्याकाठी यांतले काहीच नाही, राहतात त्या फक्त बाटल्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटे. तेव्हा रविवारीच निघायचे असेल, तर खुशाल जेजुरीला जावे. सोमवती अमावस्येला मात्र गाडी घरी ठेवून हडपसरहून बस धरावी, कारण त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणार नाही.