वजन कमी करण्याच्या (बॅरिअॅट्रिक) शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनी प्रकृती कशी राहते?

दूरचा_किनारा:
माझा मोठा भाऊ ४६ वर्षांचा असून त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४२ आहे. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, अलीकडे इन्सुलिन सुरू झाले आहे आणि झोपेत श्वास अडकत असल्यामुळे रात्री हवेच्या दाबाने श्वासमार्ग खुला ठेवणारे सीपॅप यंत्र लावावे लागते. डॉक्टरांनी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवणे) किंवा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे) सुचवले आहे. पहिल्या वर्षात वजन किती उतरते हे सगळेच सांगतात, पण पुढे काय होते? मधुमेह कायमचा जातो का आणि आयुष्य खरोखर वाढते का? आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे आहाराचीही काळजी वाटते.

पाऊलवाट:
याचे सर्वांत भरवशाचे उत्तर स्वीडनमधील अभ्यासातून मिळते. १९८७ साली सुरू झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रिया करून घेतलेल्या सुमारे २,००० जणांची तुलना तितक्याच स्थूल, पण नेहमीचे उपचार घेणाऱ्या लोकांशी अनेक वर्षे केली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३ वर्षांनी जास्त आढळले. मात्र सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. म्हणजे लाभ खरा आहे, पण जुन्या आजाराचा सगळा परिणाम त्याने पुसला जात नाही.

मधुमेहाबाबत अपेक्षा जपून ठेवावी. याच अभ्यासात २ वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त स्थितीत होते, तर १० वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. आजार जितका जुना आणि इन्सुलिनची गरज जितकी जास्त, तितकी पूर्ण मुक्तीची शक्यता कमी, त्यामुळे तुमच्या भावाच्या बाबतीत औषधे कमी होणे ही अधिक वास्तव अपेक्षा आहे. साखर पुन्हा वाढली म्हणून शस्त्रक्रिया वाया गेली, असे मात्र कृपया समजू नका. डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची मधुमेहामुळे होणारी हानी शस्त्रक्रिया झालेल्या गटात जवळपास निम्मी होती, आणि माझ्या मते घरच्यांनी सर्वांत जास्त महत्त्व याच गोष्टीला द्यावे.

मटकी_उसळ:
माझे बायपास झाले आहे आणि मीही शाकाहारी आहे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत म्हणून जेवताना आधी पनीर, दही, मूग किंवा मटकी आणि मग पोळी-भात, हा क्रम मी काटेकोर पाळते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते व त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते. बरे वाटू लागले की गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात, आणि त्यातून पंडुरोग किंवा हाता-पायांच्या नसांचा त्रास उद्भवतो. श्रीखंडासारखा गोड पदार्थ भरभर खाल्ला तर घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात. त्याला डंपिंग म्हणतात. घरच्यांनी सणावाराला आग्रह करू नये, एवढी विनंती.

दूरचा_किनारा:
मनापासून आभार. भावाला छातीत जळजळही होते. शस्त्रक्रिया निवडताना त्याने फरक पडतो का?

पाऊलवाट:
नक्कीच पडतो. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या तुलनेत १० वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के, तर बायपास झालेल्यांपैकी ७ टक्के लोकांत आढळला. म्हणून आधी एंडोस्कोपी (दुर्बिणीने अन्ननलिका व जठराची तपासणी) करून घ्यावी आणि निकाल पाहून शल्यविशारदांशी बोलावे. भाऊ मद्य घेत असल्यास तेही मोकळेपणाने सांगावे, कारण बायपासनंतर मद्य लवकर चढते आणि काही जणांत व्यसन नव्याने जडते. शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटू लागते, त्यामुळे मात्रा कोण आणि कशी बदलणार हे आधीच ठरवून घ्यावे. वजन उतरले तरी झोपेची तपासणी पुन्हा झाल्याशिवाय सीपॅप बंद करू नये.