मदत हवी आहे: लोहाच्या गोळ्या खाऊनही एचबी (हिमोग्लोबिन) वाढत नाही, त्यात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार). बायकांना नेमकं काय सांगावं?

गटप्रवर्तक_कुरखेडा
रोवणी आटोपली की ग्रामसंघाच्या बैठकीला जोडून आरोग्याचं सत्र घ्यायचं आहे. दोन तास मिळतील. सिस्टर सोबत असतील, एचबीचं डिजिटल मशीन आणि सिकलसेलचं सोल्युबिलिटी किट (नळीतली प्राथमिक तपासणी) आहे. बऱ्याच जणींची तक्रार एकच: गोळ्या खाल्ल्या तरी एचबी आठ-नऊच. ज्या घरात सिकलसेलचं कार्ड आहे तिथं "आपल्याले लोह चालत नाही" म्हणून गोळ्या तशाच पडून. गोळ्या चालू ठेवायला सांगू की बंद? सुरुवात कुठून करू?

लॅबवाला
ताई, आधी आकडा खरा आहे का ते बघा. बोट पिळून रक्त काढलं की ऊतीतलं पाणी मिसळतं आणि एचबी खोटंच कमी येतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, मधल्या बोटाला किंवा अनामिकेला कडेला टोचा, पहिला थेंब पुसा, दुसरा आपसूक येऊ द्या. हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धुवायला लावा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की पावसाळ्यात पट्ट्या ओलावा धरतात, मग मशीन वाट्टेल ते दाखवतं.

सोल्युबिलिटीत नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या म्हणजे पॉझिटिव्ह. पण त्यावरून बाई वाहक (एएस, दोष एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेला) हे कळत नाही. त्यासाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (यात रक्त गोठत नाही) रक्त घेऊन एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या पक्क्या तपासणीला पाठवावंच लागतं. एचबी फारच खाली असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं समजू नका.

धानपट्ट्यातली_सिस्टर
"गोळ्या खाल्ल्या" म्हणजे कशा, हे विचारा. आमच्या भागात निम्मं उत्तर तिथंच सापडतं. गोळी आणि कोरा चहा एकाच वेळी पोटात गेले की चहातलं टॅनिन लोह अडवतं. दोन्हींत किमान तासाभराचं अंतर हवं. गरोदर बाई कॅल्शियमची गोळीही सोबतच गिळते. त्यात दोन तास ठेवा. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, वर लिंबू पिळलेलं पाणी. शौच काळी होते ती लोहामुळं, हे आधीच सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी पाकीट कोनाड्यात जातं.

लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक, बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. गरोदरपणी एचबी 11 च्या खाली असेल तर रोज दोन. महिन्याभरात साधारण 1 ग्रॅम वाढायला हवं. गोळ्या नीट खाऊनही नाही वाढलं तर तोच डोस दामटत बसू नका, पुढं पाठवा. 7 च्या खाली असेल तर थेट रुग्णालय.

जंताची गोळी (अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम) विसरू नका, मात्र गरोदरपणाचे पहिले तीन महिने नको. ताप येऊन गेलाय का विचारा. आपल्या जिल्ह्यात मलेरियाही रक्त खातो. आणि पाळीत गाठी पडतात का, हेही. ते चारचौघींत कोणी बोलत नाही, बाजूला घेऊन विचारावं लागतं.

रक्तपेशी
सिकलचा गोंधळ सोडवतो. वाहक बाईला लोह बंद करायचं काहीच कारण नाही, इतरांसारखाच डोस. एसएस रुग्णाचं वेगळं. तिच्या लाल पेशी 120 दिवसांऐवजी 10 ते 20 दिवसांतच फुटतात, पण त्यातलं लोह शरीरातच राहतं. वारंवार रक्त चढवलेलं असेल तर ते साचतं. म्हणून तिला फॉलिक ॲसिड नियमित, आणि लोह मात्र फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टरांनी सांगितलं तरच. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं औषध) चालू असेल तर मूल हवं असं ठरवण्याआधीच डॉक्टरांना भेटायचं.

हल्ली शिरेतून एफसीएम (फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, लोहाचं इंजेक्शन) देतात, 1000 मिलिग्रॅमपर्यंत, एका बैठकीत, साधारण 15 मिनिटांत. पण ते लोहाची कमतरता सिद्ध झाल्यावर, पहिले तीन महिने उलटल्यावर आणि रिॲक्शन सांभाळता येईल अशाच ठिकाणी. "सलाईन लावून द्या" अशी मागणी येईल, तेव्हा हे सांगा.

गरोदर बाई वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला 25 टक्के शक्यता एसएसची. "पहिलं आजारी निघालं, आता दुसरं चांगलंच" हा हिशेब चुकीचा. गर्भाची तपासणी साधारण 11 व्या आठवड्यापासून होते, म्हणून नोंदणी उशिरा झाली की वाटच बंद होते.

गटप्रवर्तक_कुरखेडा
म्हणजे आधी चहा-गोळीचं, मग सिकल. सोल्युबिलिटी सत्रातच करू का?

लॅबवाला
नमुने घ्या, निकाल तिथं पुकारू नका. "पॉझिटिव्ह" एवढाच शब्द गावात फिरला तरी पोरीची सोयरीक मोडते, वाहक असली तरी. घरी जाऊन सांगा, सासूसमोर नाही.

गटप्रवर्तक_कुरखेडा
ईडीटीए नळ्या लगेच पाठवता येणार नाहीत, गाडी दोन दिवसांनी.

लॅबवाला
चालतं. 2 ते 8 अंशात ठेवा, लसीच्या डब्यात बर्फाच्या पाकिटाला नळी टेकू देऊ नका, मध्ये कागद घाला. गोठलं की पेशी फुटतात.