हायवे पॅट्रोलने रस्ताच सांभाळावा, की राज्यभराचं पोलीस दल व्हावं?

रानवाट

अमेरिकेत प्रत्येक राज्याने आपल्या पातळीवरचं पोलीस दल वेगळ्या तऱ्हेने उभं केलंय. काही ठिकाणी 'स्टेट पोलीस' आहेत. खुनाच्या तपासापासून महामार्गावरच्या गस्तीपर्यंत सगळं त्यांच्याकडे असतं. काही ठिकाणी 'हायवे पॅट्रोल' म्हणजे मुळात रस्त्यासाठी काढलेलं दल, आणि तपासाचं खातं निराळं. फ्लोरिडाचं हायवे पॅट्रोल हा वाहनांची नोंदणी आणि परवाने बघणाऱ्या खात्याचाच एक विभाग आहे आणि गुन्ह्यांसाठी एफडीएलई नावाचं स्वतंत्र खातं आहे. नॉर्थ कॅरोलायनात एसबीआय हे तपासाचं खातं वेगळं, जॉर्जियात तसंच जीबीआय वेगळं. हवाईत हायवे पॅट्रोलच नाही, रस्तेही काउंटीचे (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे) पोलीसच बघतात.

माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यासाठीच्या दलाने रस्ताच बघावा, आणि हे कायद्यात लिहिलेलं असावं.

ओहायोचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९३३ मध्ये तिथलं हायवे पॅट्रोल स्थापन झालं. संपात किंवा कामगारांच्या तंट्यात हे दल वापरता येणार नाही, असं तिथल्या कायद्यातच आहे. या अटीमागची भीती शेजारच्या पेनसिल्व्हेनियाकडे पाहिलं की कळते. तिथे १९०२ च्या मोठ्या कोळसा संपानंतर १९०५ मध्ये स्टेट पोलीस आले आणि खाणकामगार त्यांना 'कोसॅक' म्हणू लागले, म्हणजे झारचे घोडेस्वार. पुढे मोटारी वाढल्या, अपघात वाढले. रस्त्यावर कुणीतरी हवं हे सगळ्यांनाच पटत होतं, पण गव्हर्नरच्या हाती आणखी एक हत्यारबंद फौज द्यायला अनेक राज्यांची तयारी नव्हती. रस्त्यापुरतं दल काढायचं आणि त्याच्या अधिकारांना कुंपण घालायचं, हा मार्ग त्यातून निघाला. ते कुंपण आज ठिकठिकाणी मोडलंय आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुसरं, रस्त्याचं काम हलकं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत रस्त्यांवरच्या अपघातांत ४३ हजारांहून जास्त माणसं गेली, २०२३ मध्येही ४० हजारांच्या वर. अपघात कसा घडला ते टायरच्या खुणा, धातूचा मुरडा, गाडीतल्या संगणकाची नोंद यांवरून उलगडणं ही वर्षानुवर्षं शिकण्याची विद्या आहे. कॅलिफोर्नियाच्या पॅट्रोलकडे त्यासाठी खास पथकं आहेत, ज्यांत पोलिसांसोबत अभियंतेही असतात. अशी माणसं रस्त्यावरून उचलून दुसरीकडे लावली, तर मागे राहिलेलं काम करायला दुसरं कोणी नसतं.

ओझार्क

रानवाट, इतिहास बरोबर मांडलात, पण त्यातून काढलेलं अनुमान मला पटत नाही. मी मिझोरीच्या दक्षिणेला, डोंगराळ भागात बरीच वर्षं राहतोय.

मिझोरी स्टेट हायवे पॅट्रोल १९३१ चं. 'ए' ते 'आय' असे नऊ ट्रूप, म्हणजे विभागीय तुकड्या, प्रत्येकाकडे ठराविक काउंट्या, मुख्यालय जेफरसन सिटीला. नावात 'हायवे' असलं तरी गुन्हे आणि अमली पदार्थांचा तपास करणारा विभाग त्यांच्याकडे आहे, राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा त्यांच्याकडे आहे आणि २०११ पासून जलगस्तीचं दलही त्यांच्यात विलीन झालंय. आमच्याकडच्या काउंट्यांत शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, हाताखाली मोजके डेप्युटी असतात. खून झाला, मूल हरवलं, तळ्यात कोणी बुडालं, तर शेरीफ पहिला फोन पॅट्रोललाच करतो. त्या डेप्युटींकडे ना प्रयोगशाळा, ना पाणबुडे. तुमच्या हिशोबाने पॅट्रोलने 'हा रस्ता नाही' म्हणून फोन ठेवायचा का?

आणि आमच्याच राज्यातलं फर्ग्युसन आठवा. ऑगस्ट २०१४ मध्ये पोलिसाच्या गोळीने झालेल्या मायकल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणाच्या मृत्यूनंतर काउंटीचे पोलीस चिलखती गाड्या घेऊन लोकांसमोर उभे राहिले आणि परिस्थिती चिघळली. १४ ऑगस्टला गव्हर्नर जे निक्सन यांनी बंदोबस्ताची सूत्रं हायवे पॅट्रोलच्या कॅप्टन रॉन जॉन्सन यांच्याकडे दिली. जॉन्सन त्याच भागात वाढलेले. ते मोर्चेकऱ्यांबरोबर चालले आणि ती रात्र शांततेत गेली. स्थानिक पोलिसांवरचा विश्वास उडाला होता तेव्हा राज्याकडे दुसरं दल होतं म्हणून हे करता आलं. असं दल हवंच.

रानवाट

ओझार्क, फर्ग्युसनची गोष्ट त्या एका रात्रीवर संपत नाही. दोन दिवसांत संचारबंदी लागली आणि १८ ऑगस्टला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, बोलवावं लागलं. जॉन्सन यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ते यश एका अधिकाऱ्याच्या स्वभावाचं आणि त्याच्या त्या गावाशी असलेल्या नात्याचं होतं. दलाच्या रचनेला त्याचं श्रेय कसं देता येईल?

प्रयोगशाळा आणि पाणबुडे हवेतच. ते तपास खात्याकडे ठेवा. ओहायोतही तपासाचं खातं ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य विधी अधिकाऱ्याच्या) अखत्यारीत आहेच, आणि छोट्या शेरीफांना तेच मदत करतं.

कलम_चौथे

तुम्ही दोघंही ज्या गोष्टीला फक्त स्पर्श करून पुढे गेलात ती मला मध्यभागी दिसते: गाडी थांबवण्याचा अधिकार. सामान्य माणसाचा पोलिसांशी संबंध येतो तो बहुतेक वेळा याच प्रसंगात. १९९६ च्या 'रेन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वाहतुकीचा छोटासा नियम खरोखर मोडला असेल, तर पोलिसाच्या मनात दुसरा हेतू असला तरी गाडी थांबवणं बेकायदा ठरत नाही. इंडिकेटर न देता लेन बदलली एवढं कारण पुरतं. २०१५ च्या 'रॉड्रिगेझ' निकालाने थोडा लगाम घातला: चलनाचं काम आटोपल्यावर, ठोस संशय नसताना, अमली पदार्थ शोधणारा कुत्रा हुंगवण्यासाठी माणसाला रोखून धरता येत नाही.

मग कॅन्ससच्या हायवे पॅट्रोलमधले ट्रूपर, म्हणजे दलाचे वर्दीतले पोलीस, काय करत, ते पाहा. चलन देऊन निरोप घ्यायचा, आपल्या गाडीकडे दोन पावलं टाकायची, वळून परत यायचं आणि 'अजून दोन प्रश्न विचारू का?' म्हणायचं. कागदोपत्री माणूस मोकळा झालेला, त्यामुळे पुढचं बोलणं 'स्वेच्छेचं'. रात्री हायवेच्या कडेला, दिव्यांच्या झगमगाटात, बंदूकधारी माणसाला नाही कोण म्हणणार? २०२३ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि पॅट्रोल त्यावर अपिलात गेलं.

रानवाट, हे दल 'हायवे पॅट्रोल'च आहे बरं का. दुसरीकडे न्यू जर्सीचे स्टेट पोलीस. एप्रिल १९९८ मध्ये टर्नपाइकवर, म्हणजे टोल महामार्गावर, त्यांच्या दोन ट्रूपरांनी एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या. आत चार निःशस्त्र कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण होते, तिघे जखमी झाले. वर्षभरात राज्याच्या ॲटर्नी जनरलने मान्य केलं की वंश पाहून गाड्या थांबवल्या जातात. १९९९ ते २००९ हे दल फेडरल देखरेखीखाली होतं. एकाची रचना तुमच्या पसंतीची, दुसऱ्याची ओझार्क यांच्या. गाडीत बसलेल्याच्या वाट्याला काय वेगळं आलं?

रानवाट

कॅन्ससचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे तपासाला केबीआय आहे. तरीही पॅट्रोलने अमली पदार्थ पकडणं हे आपलं मोठं काम मानलं आणि दुसऱ्या राज्यांच्या पाट्या लावलेल्या गाड्यांवर नजर ठेवली. ट्रूपरचं मोजमाप वेग, दारू, सीटबेल्ट आणि अपघात यांवर झालं असतं, तर त्या दोन पावलांची गरजच पडली नसती.

अठरा_चाकं

मी ट्रक चालवतो. इथे सगळं मोठ्या गुन्ह्यांबद्दल चाललंय, म्हणून रोजचं काम सांगतो.

वजनकाट्यावर 'लेव्हल वन' तपासणी असते, ३७ टप्प्यांची. निरीक्षक गाडीखाली झोपून ब्रेकचा दांडा किती सरकतो ते मोजतो, टायर, जोडणीचा कुंडा, दिवे, मालाची बांधणी बघतो, माझे कामाचे तास आणि वैद्यकीय दाखला तपासतो. ठराविक दोष सापडला तर गाडी जागेवर 'आउट ऑफ सर्व्हिस', दुरुस्ती होईपर्यंत हलत नाही. जाणकार निरीक्षक आणि नवखा यांच्यातला फरक आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळतो. जाणकाराने धरलेल्या दोषाबद्दल मी कधीच वाद घातला नाही, कारण उतारावर ब्रेक गेल्यावर माझ्यापुढच्या छोट्या गाडीचं काय होतं ते मी पाहिलंय.

या कामासाठी राज्यांना फेडरल अनुदान मिळतं. काही राज्यांत हे काम वर्दीतला ट्रूपर करतो, काही ठिकाणी साधा निरीक्षक. माझा अनुभव असा की ज्याला तेवढंच काम दिलंय तो ते नीट करतो. माझं मत रानवाट यांच्या बाजूने.

सस्क्वेहाना

पेनसिल्व्हेनियाचं नाव वर आलंच आहे, तर पुढचं सांगते. आमच्याकडेही वेगळं हायवे पॅट्रोल होतं. १९२३ मध्ये महामार्ग खात्याखाली निघालं, १९३७ मध्ये स्टेट पोलिसांत मिसळलं. म्हणजे हा वाद आम्ही एकदा निकालात काढलाय आणि परत दोन दलं करा म्हणणारं आज इथे कोणी भेटत नाही.

भांडण आहे ते पैशाचं. राज्यातल्या जवळपास निम्म्या नगरपालिका आणि टाउनशिपना (गावपातळीवरच्या स्थानिक संस्थांना) स्वतःचे पोलीसच नाहीत. तिथे चोरी झाली, शेजाऱ्यांची मारामारी झाली की स्टेट पोलीसच येतात, आणि त्याचं बिल त्या टाउनशिपला लागत नाही. शेजारच्या गावातले लोक स्वतःच्या पोलिसांसाठी मालमत्ता कर भरतात आणि वर यांचाही खर्च उचलतात. त्यात हा पैसा बराचसा आलाय मोटर लायसन्स फंडातून, म्हणजे पेट्रोलवरच्या करातून, जो रस्ते आणि पूल यांच्यासाठी असतो. २०१९ मध्ये राज्याच्या ऑडिटर जनरलने हिशोब मांडला तेव्हा सहा-सात वर्षांत ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम अशी वळवलेली निघाली. आमच्या पुलांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आकडा किती बोचतो ते समजेल.

अधिकार किती, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ट्रूपरचे किती तास रस्त्यावर गेले आणि किती गावातल्या तक्रारींवर, हे दरवर्षी जाहीर करा. रस्त्याच्या पैशातून रस्त्याचेच तास द्या.

रानवाट

सस्क्वेहाना, ही मागणी मी माझ्या मांडणीत जोडून घेतो, कारण कॅलिफोर्नियात हेच दुसऱ्या रूपात चाललंय. तिथलं हायवे पॅट्रोल १९२९ चं, आज परिवहन एजन्सीच्या छत्राखाली, आणि त्याचा मुख्य पैसा गाड्यांच्या नोंदणी शुल्कातून येतो. शहरांतले फ्रीवेसुद्धा त्यांचेच, आणि शहरांच्या हद्दीबाहेरच्या काउंटी रस्त्यांवरची वाहतूकही त्यांचीच. तिथे गुन्हा शेरीफकडे, अपघात पॅट्रोलकडे, अशी स्वच्छ वाटणी आहे. १९९५ मध्ये राज्याच्या इमारती आणि अधिकाऱ्यांची सुरक्षा बघणारं स्टेट पोलीस दल त्यांच्यात विलीन केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी १२० अधिकारी ओकलंडमध्ये गुन्हेगारी आवरायला पाठवले. ओकलंडच्या लोकांना मदत नको होती असं मी म्हणत नाही. पण ते १२० जण ज्या फ्रीवेंवरून आले, तिथे त्या काळात कोण होतं?

ओझार्क

हा प्रश्न योग्य आहे, पण दोन्ही बाजूंनी विचारा. ओकलंडमध्ये ज्याची गाडी चोरीला गेली तोही नोंदणी शुल्क भरतो. संकटात माणसं हलवायची मुभा राज्याला हवी. मुदत ठरवा, विधिमंडळाला कळवणं बंधनकारक करा, एवढं मी मान्य करेन. अधिकारच काढून घेणं मान्य नाही.

आणि सस्क्वेहाना, तुमच्या तक्रारीतून निघणारी गावांकडून बिल वसूल करण्याची भाषा मला घाबरवते. आमच्या काउंटीत तरुण कधीच शहरात गेले, कर भरणारे उरलेत म्हातारे. माणशी शुल्क लावलं तर ते भरू शकणार नाहीत आणि रात्री फोन केल्यावर यायला कोणीच नसेल.

सस्क्वेहाना

गरीब टाउनशिपना सूट द्या, हे मलाही मान्य आहे. पण आमच्याकडे असं फुकट संरक्षण घेणाऱ्यांत बक्कळ उत्पन्नाच्या मोठ्या टाउनशिपही आहेत. लोकसंख्या आणि उत्पन्न बघून शुल्क ठरवायचे प्रस्ताव राज्यात पुन्हा पुन्हा येतात आणि पडतात, कारण त्या भागातले आमदार मतं द्यायला तयार होत नाहीत.

कलम_चौथे

मुदत आणि अहवाल यांत एक गोष्ट घाला: गाडी का थांबवली, किती वेळ थांबवली, झडती घेतली का, काय सापडलं, आणि चालक कोणत्या वंशाचा होता. न्यू जर्सीत देखरेखीच्या काळात ही नोंद सक्तीची होती. ओझार्क यांना व्यापक अधिकार हवेत तर त्या अधिकारांची ही किंमत आहे, आणि रानवाट यांचं रस्त्यापुरतं दलही त्यातून सुटू नये. मिझोरीत २००० पासून राज्याच्या कायद्यानेच थांबवलेल्या गाड्यांची वंशनिहाय नोंद ठेवतात आणि ॲटर्नी जनरल दरवर्षी अहवाल काढतात. ओझार्क, तुमच्या भागातले आकडे त्यात आहेत. एकदा काढून बघाल का?