नसलेल्या हाताच्या वेदनेवर संमोहन : मदत हवी आहे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी सोयाबीन काढताना थोरल्या भावाचा उजवा हात थ्रेशरमध्ये सापडला व कोपराच्या वरून काढावा लागला. जखम पूर्ण भरली आहे, जंतुसंसर्ग नाही. तरीही नसलेली मूठ आवळली जाऊन नखे तळव्यात रुततात, असे ते सांगतात, आणि ही वेदना खरीच आहे. गॅबापेन्टिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू आहे. आरशाची पद्धतही (डाव्या हाताचे प्रतिबिंब पाहून नसलेला उजवा हात हलतोय असे मेंदूला भासवणे) केली, पण आराम आरशासमोर असेपर्यंतच टिकतो. औषध बंद न करता जोडीला संमोहन करून पाहायचे आहे. भावाला वऱ्हाडीच मोकळेपणाने बोलता येते, आणि महिन्यातून एकदाच प्रवास जमेल. ती मूठ बोटाबोटाने उघडत असल्याची सूचना देऊन पुढे घरी करण्यासाठी स्वसंमोहन शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ नागपूर किंवा सेवाग्राम परिसरात कोणाच्या माहितीत आहेत का?