घरात पोट्टे चार, फोन चार : पीएसपी-डीएसच्या वायरलेस मल्टिप्लेअरसाठी कोणता इम्युलेटर?

मनीषनगरचा_मामा
नमस्कार मंडळी. सुट्टीत भाचे-पुतणे आलेत आणि नागपूरच्या मे महिन्यात सकाळी अकरानंतर त्यांना बाहेर सोडायची सोय नाही. तिघांकडे अँड्रॉइड, भाचीकडे आयफोन, घरी एक जुना लॅपटॉप. सोनीच्या जुन्या पीएसपी या हातातल्या कन्सोलच्या गेम एका खोलीत बसून एकमेकांविरुद्ध खेळायच्या म्हणतात. पीपीएसएसपीपी हा इम्युलेटर (पीएसपीची नक्कल करणारं अ‍ॅप) टाकलं, दोन फोन जुळले, पुतण्याच्या फोनवर मात्र लॉबी (गेममध्ये खेळाडू जमतात ती जागा) रिकामीच दिसून राहिली. आयफोनवर अजून पाहिलं नाही. निन्टेंडोच्या डीएस कन्सोलची मारिओ कार्ट फोनवर जमते का? आणि पुण्यातला भाऊ यात सामील होऊ शकतो का? यूट्यूबवर जो तो 'शंभर टक्के वर्किंग' म्हणून राहिला, तो कंटाळा आला. स्वतः खेळलेल्यांनी सांगा.

सदर_साउथपॉ
डोळे मिटून पीपीएसएसपीपी. बाकी सगळं नंतर.

धरमपेठी
मामा, पीपीएसएसपीपीच ठेवा, पण काहून ते सांगतो, म्हणजे डीएसचंही उत्तर त्यातच मिळेल.

पीएसपीचं अ‍ॅड-हॉक म्हणजे कन्सोल थेट कन्सोलशी बोलायचं, मध्ये राउटर नाही. फोनला तसं करता येत नाही, म्हणून पीपीएसएसपीपी तेच बोलणं साध्या वायफायवरून नेतो. कोण कोण हजर आहे एवढं सांगायला एक छोटा सर्व्हर लागतो. तो अ‍ॅपमध्येच आहे, पण एकाच फोनवर सुरू करायचा. चौघांनी चार सर्व्हर सुरू केले की चौघे चार खोल्यांत बसल्यासारखे.

सेटिंग्जमध्ये नेटवर्किंग उघडा. सगळ्यांनी नेटवर्किंग चालू करायचं. यजमान फोनवर 'बिल्ट-इन प्रो अ‍ॅड-हॉक सर्व्हर' चालू करून पत्त्यात लोकलहोस्ट (म्हणजे हाच फोन), बाकीच्यांच्या पत्त्यात यजमान फोनचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता). पोर्ट ऑफसेट (पोर्टच्या, म्हणजे नेटवर्कच्या दारांच्या, क्रमांकात घालायची भर) सगळीकडे सारखा हवा. मुळात 10000 असतो, तोच राहू द्या. पीएसपीच्या गेम 1024 च्या खालचे पोर्टही मागतात आणि अँड्रॉइड ते साध्या अ‍ॅपला देत नाही, म्हणून ही भर. सिस्टीममध्ये टोपणनावं बदला, नाहीतर लॉबीत सगळेच 'पीपीएसएसपीपी' दिसतील आणि पोट्टे भांडतील. अ‍ॅपची आवृत्तीही सगळ्यांची एकच असू द्या.

घरच्या राउटरवर गेस्ट वायफाय वापरत असाल तर सोडा. बहुतेक राउटर गेस्टच्या फोनांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. सगळ्यात सोपं म्हणजे यजमान फोनचा हॉटस्पॉट. आयपी शोधायची कटकटही नाही: जोडलेल्या फोनवर वायफायच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून जो आकडा असतो तोच यजमानाचा पत्ता.

धंतोली_ताई
आयफोनची चिंता नको मामा. पीपीएसएसपीपी मे 2024 पासून अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर आहे. पहिल्यांदा 'लोकल नेटवर्क'ची परवानगी विचारली तर भाचीला हो म्हणायला सांगा. अ‍ॅप स्टोअरवाल्या अ‍ॅपला जेआयटी (गेमचा कोड चालता चालता फोनच्या भाषेत बदलून वेग वाढवायची सोय) वापरता येत नाही, म्हणून जुन्या आयफोनवर जड गेम रखडेल. माझ्या मुलांनी मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट धरलंय. चौघे मिळून एकच प्राणी मारतात, एकमेकांना नाही, म्हणून घरात शांतता असते.

महालचा_बंड्या
टेक्कन 6 लावा, असली मजा तिथे.

धरमपेठी
@बंड्या, टेक्कन दोन तगड्या फोनवर ठीक. एकाचा फोन सेकंदाला 60 फ्रेम धरत नसेल तर दुसऱ्यालाही त्याच्यासाठी थांबावं लागते. मेमध्ये तर फोन तापून स्वतःच वेग कमी करतो. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, कूलरच्या हवेत बसा. रेंडरिंग रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) 1x ठेवलं तरी पुष्कळ फरक पडते.

आता डीएस. तिथे यजमान कन्सोल सगळ्यांना पॅकेट पाठवून प्रत्येकाच्या उत्तरासाठी मायक्रोसेकंदांत मोजलेली वेळ देतो. उत्तर उशिरा आलं की खेळाडू गेला असंच धरलं जाते. फोनच्या वायफायवर ते सांभाळणं कठीण. मेलनडीएस हा डीएसचा इम्युलेटर लॅपटॉपवर छान चालतो, एकाच मशीनवर दोन खिडक्या उघडून लोकल मल्टिप्लेअर होते. 1.0 आवृत्तीत लॅनही (घरच्या नेटवर्कवरून वेगवेगळी मशीन जोडणं) आलं, पण जमलं तर वायर लावा. म्हणून मारिओ कार्ट लॅपटॉपवर दोन कंट्रोलर जोडून खेळा. फोनचा नाद सोडा.

सदर_साउथपॉ
गेमबॉय अ‍ॅडव्हान्स राहिलं की. अँड्रॉइडवर माय बॉय हा इम्युलेटर ब्लूटूथ किंवा वायफायवरून लिंक केबल (दोन गेमबॉय जोडायची वायर) चालवते, दोघांत पोकेमॉनची अदलाबदल होऊन जाते. लॅपटॉपवर एमजीबीए हा इम्युलेटर. एकाच मशीनवर चार खिडक्यांपर्यंत, नेटवर्कवरून नाही.

मनीषनगरचा_मामा
धरमपेठीभाऊ, सगळं तुमच्यासारखं केलं. दोन फोन मस्त, पुतण्याच्या फोनवर अजूनही भुताची लॉबी. आयपी तीनदा तपासला.

धरमपेठी
त्याच्या फोनवर गेमचं चिन्ह दाबून धरा, माहिती उघडा, गेमचा कोड पाहा. यूएलयूएस आहे की यूएलईएस?

मनीषनगरचा_मामा
हाव! त्याचा यूएलईएस, बाकीच्यांचा यूएलयूएस.

धरमपेठी
मग झालं. त्याची युरोपची, तुमची अमेरिकेची. सर्व्हर कोड पाहूनच गट पाडतो, म्हणून दोन्ही वेगळ्या गेम समजल्या जातात. सगळ्यांकडे एकाच प्रदेशाची हवी.

धंतोली_ताई
आणि आयएसओ (गेमची फाइल) कुठून आणायची हे इथे विचारू नका, स्वतःच्या यूएमडीवरून (पीएसपीच्या डिस्कवरून) काढा. धागा बंद होईल उगाच.

महालचा_बंड्या
पुण्याच्या भावाचं काय मग?

धरमपेठी
सर्व्हर फक्त ओळख करून देतो, गेमचा डेटा फोन ते फोन जातो. मोबाइल डेटावर बाहेरून तुमच्या फोनपर्यंत थेट वाट नसते. झीरोटिअर किंवा टेलस्केल हे अ‍ॅप दोन्हीकडे टाकून एकच खाजगी नेटवर्क करा आणि त्यातला यजमानाचा आयपी द्या. मॉन्स्टर हंटर बहुतेक चालेल. टेक्कनला नागपूर-पुणे अंतर जाणवेल.

मनीषनगरचा_मामा
चारही फोन आले लॉबीत, आयफोनसकट! मध्येच जेवायला उठवलं तर सेव्ह स्टेट (इम्युलेटरमधून त्या क्षणाची गेम साठवणं) करून ठेवू का?

सदर_साउथपॉ
नेटवर्क चालू असताना सेव्ह स्टेटला हात लावू नका, एकाचा वेळ मागे जातो नि बाकीचे पुढे. गेमच्या आत सेव्ह करायला सांगा, मगच वाढा.