टाकसाळीतील चूक की नंतरची कापाकापी?

प्रश्न (परभणी): आठवडी बाजारात १९९८ सालचे स्टीलचे एक रुपयाचे नाणे विक्रीस आले आहे. त्याच्या कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नाही, आणि विक्रेता ती टाकसाळीची चूक असल्याचे सांगून मोठी किंमत मागतो. खात्री कशी करावी?

उत्तर (नांदेड): कृपया खाचेच्या अगदी समोरची कड भिंगातून पाहावी. कोरी चकतीच टाकसाळीत अर्धवट कापली गेली असेल, तर कड उठवणाऱ्या यंत्रात तिच्यावर पुरेसा दाब पडत नाही, त्यामुळे समोरची कड बहुधा पुसट व सपाट राहते. शिवाय खाचेजवळची अक्षरे किंचित ताणल्यासारखी दिसतात. छाप उमटल्यानंतर कानस चालवली असेल, तर समोरची कड ठसठशीत राहते आणि अक्षरे सरळ छाटली जातात.

उत्तर (लातूर): वरील मत योग्यच आहे. केवळ वजनावर मात्र विसंबू नये. हे नाणे ४.८५ ग्रॅमचे असते, पण वजन दोन्ही प्रकारांत घटतेच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. समोरची कड पूर्ण उठावदार आहे, ‘भारत’मधला ‘भ’ मधोमध छाटलेला आहे आणि खाचेत कानशीचे समांतर ओरखडे स्पष्ट दिसतात. नाणे घेणार नाही.