थंडीत हवेतल्या कणांवरचा पारा (मर्क्युरी) वाढतो तो तापमानामुळे की धुळीमुळे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, हवेतल्या पाऱ्याचा डेटा घेऊन बसलोय आणि गाडी अडलीय. हवेत बहुतेक पारा नुसत्या वाफेच्या रूपात असतो, घनमीटरला दीडेक नॅनोग्रॅम, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे उरलेल्या ऑक्सिडाइज्ड पाऱ्याचा (क्लोराइड, ब्रोमाइड वगैरे), तो पिकोग्रॅममध्ये मोजावा लागतो आणि थोडा वायूत, थोडा कणांना चिकटून असतो. थंडीत कणांवरचा वाढतो नि वायूतला घटतो हे ग्राफवर ढळढळीत दिसतंय, पण थंडीत पीएम 2.5 (हवेतली बारीक धूळ) पण वाढलेलं असतं ना, मग श्रेय नक्की कुणाचं? शिवाय यंत्रातला डिन्यूडर (वायूतला ऑक्सिडाइज्ड पारा पकडणारी नळी, कण त्यातून पुढे जातात) 50 अंशाला तापवलेला असतो, बाहेर गारठा असताना कण त्यातून गेले की त्यांच्यावरचा पारा वाटेतच उडत नसेल का?? प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद 1:
नुसता कणांवरचा पारा तापमानासमोर मांडू नकोस, त्यातून काही कळणार नाही. आधी त्याला पीएम 2.5 ने भाग, मग वायूतल्या ऑक्सिडाइज्ड पाऱ्याने भाग. हा झाला केपी (पारा कण आणि वायू यांत कसा वाटला गेलाय त्याचं गुणोत्तर), धुळीचा हिशोब इथेच मिटला. आता 1/केपी चा लॉग (पाया 10) काढ आणि केल्विनमधल्या तापमानाच्या (टी) व्यस्तासमोर, म्हणजे 1/टी समोर टाक. संशोधक आमोस आणि मंडळींचं 2012 चं समीकरण आहे: लॉग (1/केपी) = 10 − 2500/टी. त्यात आकडे घालून बघ, 0 अंश सेल्सिअसला पीएम घनमीटरला साधारण 7 मायक्रोग्रॅम असलं तरी निम्मा ऑक्सिडाइज्ड पारा कणांवर जातो, 27 अंशाला तेवढ्यासाठी 47 च्या आसपास लागतं. म्हणजे श्रेय दोघांचं, पण तापमानाचा हात चांगलाच मोठा.

प्रतिसाद 2:
वरच्याशी सहमत. आर्क्टिकमधल्या अलर्ट या कॅनडातल्या ठिकाणी पण हेच दिसतं, मार्च-एप्रिलच्या कडाक्यात कणांवरचा जास्त, मे मध्ये वायूतला. डिन्यूडरची शंका रास्त आहे, तिथे उडालेला पारा डिन्यूडरच पकडतो, म्हणजे कणांच्या खात्यातला वायूच्या खात्यात जमा! उलट ओझोन आणि दमटपणा असला की डिन्यूडरच्या आतला पोटॅशियम क्लोराइडचा लेप पकडलेला पारा सोडून देतो. त्यामुळे दमट दिवस वेगळ्या रंगात प्लॉट कर.

धागाकर्ता:
भारी, धन्यवाद दोघांनाही! पीएम तासातासाचं आहे आणि पाऱ्याचं सॅम्पल दोन तासांचं, सरासरी घेऊन चालेल ना?

प्रतिसाद 1:
चालेल, तापमानाची पण त्याच दोन तासांची घे, दिवसाची नको. आणि वायूतला आकडा डिटेक्शन लिमिटखाली (यंत्राला खात्रीने मोजता येईल त्याहून कमी) असेल त्या ओळी आधी उडव, नाहीतर केपी आभाळाला भिडेल.